कमांडरच्या आधीचा शब्द

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या तालमीचे आधारस्तंभ हंबीरतात्या अतिग्रे, गडहिंग्लजहून गर्दीच्या एसटीत उभं राहून आलेले प्रमुख पाहुणे निवृत्त सुभेदार प्रभुलिंग मगदूम साहेब, व्यासपीठावर खुर्ची मिळालेले आणि न मिळालेले सर्व मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती, आणि आज मॅच असूनही या सभागृहात येऊन बसलेल्या शिवाजी पेठेतल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी वर्षाराणी आकाराम साळोखे. सत्कारमूर्तींची पत्नी. एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवते, त्यामुळं हातात माइक आला की पंचेचाळीस मिनिटं बोलायची सवय आहे. घाबरू नका. आज तेवढी बोलणार नाही.

मघाशी मिरवणूक झाली. उघडी जीप, हलगी, आणि जेसीबीच्या बकेटमधून झेंडू. झेंडू जेसीबीनं अंगावर टाकला की त्याची फुलं राहत नाहीत, भराव होतो. पण तो तुमच्या प्रेमाचा भराव आहे, आमची तक्रार नाही. चोवीस वर्षं देशाची सेवा करून माणूस घरी आला, तर पेठेनं त्याला डोक्यावर घेऊ नये का? घ्यावंच. फक्त डोक्यावर घेताना तो कोण आहे, एवढं एकदा खाली वाकून बघावं, अशी माझी नम्र विनंती आहे.

बाहेर फलक लागलाय, आपण सगळ्यांनी पाहिला असेल. 'शत्रूला पाणी पाजणारा पेठेचा ढाण्या वाघ, कमांडर आकाराम साळोखे.' यात पाणी पाजल्याचं अगदी खरं आहे. यांनी पुष्कळ पाणी पाजलं. बर्फ फोडून, पिंपात भरून, रॉकेलच्या स्टोव्हवर वितळवून पाजलं. मात्र शत्रूला नाही. आपल्याच लोकांना.

मगदूम साहेब हसतायत. साहेबांना समजलंय. साहेब, जरा थांबा, बाकीच्यांनाही समजू दे.

यांची भरती दोन हजार एक सालची. आपल्याच तालमीतल्या लाल मातीत घोळून गेलेला गडी. धावणं झालं, दंड-बैठकांत तर यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण उंची मोजली आणि शिपायाला लागते त्यापेक्षा दीड सेंटिमीटर कमी भरली. तिथले साहेब म्हणाले, "खाना बनाना आता है?" हे म्हणाले, "थंडाई आती है." तात्या, ती थंडाई तुमच्यासाठीच वाटायचे ना हे? बदाम भिजवून, सोलून, पाट्यावर? म्हणजे यांच्या नोकरीचं पहिलं प्रशिक्षण तुमच्या तालमीतच झालं. शिपाई म्हणून उंची कमी पडली होती, स्वयंपाकी म्हणून ती पुरली. आमचे हे चोवीस वर्षं भारतीय सैन्यात स्वयंपाकी होते.

बघा, सभागृह कसं गप्प झालं. वर्गात मी छडी आपटली तरी एवढी शांतता होत नाही.

मग कमांडर कुठून आले? तेही सांगते. तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सैन्यात जवानांच्या स्वयंपाकघराला लंगर म्हणतात. तिथं बाकीच्या स्वयंपाक्यांवर देखरेख करणारा जो असतो, तो लंगर कमांडर. ती जबाबदारी यांना मिळाली. यांनी आनंदानं घरी फोन केला. फोन माझ्या सासूबाईंनी, बाळाबाईंनी घेतला. डोंगरातून आलेला फोन, निम्मे शब्द वाऱ्यानं खाल्लेले. 'लंगर' वाऱ्यावर गेला, 'कमांडर' तेवढा घरात पोचला.

सासूबाई पाणी भरायच्या घागरीसकट तालमीत गेल्या. "हंबीर, माझा आकाराम कमांडर झाला रं!" दोन तासांत चौकात फलक. फलकावर हातात बंदूक, कमरेला गोळ्यांचा पट्टा. डोकं यांचं होतं. खांद्याखालचा माणूस कोण होता, ते आजवर आम्हाला कळलेलं नाही.

हे रजेवर आले आणि बॅग खांद्यावर घेऊन चौकातच उभे राहिले. स्वतःकडं बघत. मग तालमीत जाऊन प्रामाणिकपणे म्हणाले, "तात्या, मी कमांडर न्हाय वो. लंगर कमांडर हाय." तात्यांनी काय विचारावं? "लंगर? म्हंजे जहाजाचा? मग नेव्हीत बी काम केलासा की!" आणि सगळ्या पोरांना हाक मारून म्हणाले, "ऐकलं का रं, पाण्यावर बी लढलाय ह्यो!"

तात्या, मी खोटं सांगत असेन तर आत्ता थांबवा. नाही ना? बरं.

यांनी दुसऱ्यांदा सांगून पाहिलं, पुढच्या वर्षी. तेव्हा लोक म्हणाले, बघा, किती साधा माणूस, मोठेपणा म्हणून नाही अंगात. तिसऱ्यांदा यांनी सांगितलं नाही.

आता आपल्याला वाटेल, स्वयंपाक तर काय, आमच्या घरातही होतो. होतो की. पण कोल्हापूरकर स्वयंपाकी म्हटल्यावर पहिल्याच छावणीत साहेबांनी यांना फर्मावलं, "साळोखे, आज तुम्हारा तांबडा रस्सा हो जाए." यांनी पेठेची इज्जत पणाला लावली. दीडशे माणसांना रस्सा. आसाम, बिहार, केरळ, सगळीकडची माणसं. रात्री वाहवा झाली. सकाळी परेडच्या मैदानात दहा जण आणि शौचालयासमोर शंभर. यांना बोलावून विचारलं, तू नक्की कोणत्या देशाकडून आहेस? त्या दिवसापासून यांनी तिखट सोडलं. पेठेतल्या माणसानं तिखट सोडणं, यापेक्षा मोठा त्याग देशासाठी आणखी कोणता करायचा?

पुढं यांची बदली बर्फात झाली. तिथल्या खाण्यापिण्याचं मला वर्षानुवर्षं फोनवरून कळत आलं. बाकीच्या बायकांचे नवरे फोनवर काय बोलतात मला माहीत नाही. मला दोन मिनिटं मिळायची आणि त्यात हे विचारायचे, "आज काय केलीस जेवायला?" मी शाळेतून दमून आलेली, पोरीला ब्रेडला जॅम लावून दिलेला. मी सांगायची, "वरण, भात, मेथीची भाजी, कोशिंबीर." पलीकडून म्हणायचे, "मेथी?" आणि गप्प व्हायचे. दोन मिनिटांतलं अर्धं मिनिट त्या मेथीत जायचं. मी रोज एक नवी पालेभाजी खोटी खोटी शिजवायची. तेवढं एक खोटं मी देशासाठी बोलले.

तिथं कांदा गोठून दगड होतो. तो चिरायचा नाही, फोडायचा. अंडं हातोडीनं मारलं तरी हसतं. डाळ कुकरमध्ये घालून शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी दाणा तसाच ताठ. डब्यातलं अननस, डब्यातली भाजी, पावडरीचं दूध, आणि सगळ्याला एकच चव, रॉकेलची. झोपायला आठ जणांत एक खोली, त्यात एक शेगडी. धुराडं असतं, पण शेगडीची काजळी नाकात बसते ती बसतेच, थुंकी काळी पडते. अंघोळीचं तर विचारूच नका. रजेवर आल्यावर हे पहिल्या दिवशी न्हाणीघरातून बाहेर येईनात. सासूबाईंनी दार वाजवून विचारलं, "जिवंत हाईस न्हवं?"

पण तिथली खरी अडचण वेगळीच. तिथं भूक लागत नाही. एवढ्या उंचीवर माणसाची भूक मरते. आपण इथं समजतो, सीमेवर जवान उपाशी असतो. अहो, पुढ्यात ताट भरलेलं असतं आणि तो खात नाही. त्याला खायला लावणं, हे यांचं काम. हे शक्करपारे तळायचे, पुऱ्या तळायचे, किटलीतून सूप घेऊन खोपटा-खोपटात फिरायचे. "ले भाई, दो घूँट." जेवायला कोण आला, ते सगळेच मोजतात. हे ताटात काय परत आलं ते बघायचे. उष्ट्यावरून यांना माणूस कळायचा. ज्याच्या घरून वाईट फोन आला तो भात ठेवतो, पोळी संपवतो. ज्याला रजा नाकारली तो दोन्ही संपवतो आणि ताट आपटतो.

एक पंजाबी जवान होता, बारा पोळ्या खाणारा. त्याच्या ताटात एक दिवस नऊ परत आल्या. दुसऱ्या दिवशी दहा. तो हसून म्हणायचा, "उस्ताद, आज पेट भरा है." तिसऱ्या दिवशी यांनी उष्टं ताट तसंच उचललं आणि थेट तिथल्या सुभेदार साहेबांसमोर नेऊन ठेवलं. म्हणाले, "साहेब, हा आजारी आहे." सुभेदार म्हणाले, "तू डॉक्टर आहेस का?" हे म्हणाले, "नाही साहेब, कुक आहे. म्हणूनच सांगतोय." डॉक्टरांनी तपासलं. छातीत पाणी भरायला लागलेलं. हेलिकॉप्टरनं खाली नेला म्हणून वाचला. चार तास उशीर झाला असता तर, असं डॉक्टर म्हणाले.

याबद्दल यांना काय मिळालं असेल? पदक? दुसऱ्या दिवशी कांद्याचं पोतं कमी आलं म्हणून बोलणी मिळाली.

टाळ्या नंतर वाजवा. कारण आता मी जे सांगणार आहे त्यावर टाळ्या वाजवता येणार नाहीत.

लंगरमध्ये एक रिवाज आहे. रोजचं जेवण आधी ड्युटीवरचे अधिकारी चाखतात आणि वहीत सही करतात. 'खाना चखा, ठीक है.' पेठेत 'चखना' म्हटल्यावर मागच्या रांगेला वेगळंच काही आठवतं, तिकडं हसू नका. तर चोवीस वर्षं रोज कुणीतरी यांचं जेवण चाखून 'ठीक आहे' म्हणत होतं. वर्षातले दोन महिने हे घरी असायचे, तेव्हाही यांचे हात स्वस्थ बसायचे नाहीत. सकाळी उठून कणीक मळायला बसायचे. आमचं स्वयंपाकघर रस्त्याकडेला आहे. सासूबाई धावत यायच्या, "अगं वर्षा, खिडकी लाव! कमांडर पोळ्या लाटतोय म्हनत्याल लोकं!"

मी खिडकी लावायची. आत धूर कोंडायचा. हे खोकत खोकत पोळ्या लाटायचे. बाहेरून कुणी हाक मारली तर पीठ पुसून, मिशीवर हात फिरवून, कमांडर होऊन दारात जायचे.

सासूबाई सहा वर्षांपूर्वी गेल्या. देवमाणूस होत्या. पोराचा मान राखायचा एवढंच त्यांना माहीत. त्या गेल्यावर ती खिडकी कोण लावत होतं?

मी लावत होते.

मी, मराठीची शिक्षिका. दरवर्षी नववीच्या वर्गाकडून 'श्रमप्रतिष्ठा' या विषयावर निबंध लिहून घेणारी. वीसपैकी अठरा गुण देणारी. पंधरा ऑगस्टला मुख्याध्यापक मला पहिल्या रांगेत बसवायचे, "कमांडर साहेबांच्या मिसेस" म्हणायचे, आणि मी पदर सावरून बसायची. एकदाही म्हणाले नाही, की सर, त्याच्या आधी एक शब्द आहे. यांनी मला कधी काही विचारलं नाही. एकदा फक्त म्हणाले, "धूर लई होतोय गं." मी म्हटलं, "एक्झॉस्ट फॅन बसवू." आणि बसवला. आमच्या घरातला तो एक्झॉस्ट फॅन कशासाठी बसलाय, ते आज पहिल्यांदा बोलतेय मी.

आज सकाळी हे गणवेश घालत होते. बटण लावता लावता म्हणाले, "तू दोन शब्द बोलणार हाईस म्हणं?" म्हटलं, होय. म्हणाले, "त्यात एक माझा घाल." म्हटलं, "कुठला?" आरशात बघून म्हणाले, "लंगर."

बंधू-भगिनींनो, माझं भाषण खरं तर इथंच संपणार होतं. तो शब्द मी घातला. पण माझ्या आधी हंबीरतात्या बोलले आणि त्यांनी घोषणा केली, की तालीम लवकरच सैन्यभरती अकादमी काढतेय आणि तिचे प्रमुख कमांडर साळोखे असतील. रोज पहाटे पोरांना पळवतील, रांगायला लावतील. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. यांनी मान हलवली. तुम्हाला वाटलं, होकार. तात्या, सैन्यात स्वयंपाक्याची मान एकाच दिशेनं हलते. ती समोरच्याला 'ऐकलं' असं सांगते. 'पटलं' असं नाही.

मागच्या रजेत हे रोज फिरायला जायचे आणि भरतीची पोरं बघून यायचे. राधानगरी, गगनबावडा, चंदगडकडची पोरं. आपल्याच पेठेत एका खोलीत बारा-बारा राहतात. सकाळी सोळाशे मीटर पळतात, वडापाव खातात, दुपारी पुन्हा वडापाव खातात. हे घरी येऊन म्हणायचे, "पळत्यात वाघागत गं, पण खात्यात काय? हाडावर मास कुठनं येणार?" कोपऱ्यावरचा तो बंद गाळा आहे ना, रंगाच्या दुकानाशेजारचा? हे तिथं जाऊन शटरच्या फटीतून आत बघतात. चूल कुठं, भांडी कुठं, पोरांनी हात धुवायचे कुठं. मी पाहिलंय. भिंतीवर बोट ठेवून वीत मोजत होते. मी हाक मारली तर पटकन हात खिशात घातला, चोरी पकडल्यासारखा. आयुष्यभर दुसऱ्यांना जेवू घातलेला माणूस, स्वतःच्या गल्लीत खानावळीचं स्वप्न चोरून बघतोय. कारण कमांडरनं खानावळ काढायची नसते.

काय म्हणालात, तात्या? माइकवर म्हणा, सगळ्यांना ऐकू दे. तात्या म्हणतायत, "अगं पोरी, खानावळ काय कुणीबी काढंल. शिस्त कोण लावणार?"

बरोबर आहे तुमचं. पोरांना पळवायला माणूस पाहिजे. पण तो तुम्हाला मिळेल. जिल्ह्यात माजी सैनिक थोडे आहेत का? इथं मगदूम साहेबच बसलेत, गडहिंग्लजला पोरांना शिकवतात. उष्ट्या ताटावरून आजारी पोर ओळखणारा माणूस मात्र तुम्हाला दुसरा मिळाला, तर मला सांगा. मी स्वतः यांना अकादमीत पाठवते, शिट्टी घेऊन.

आणि मी तरी यांच्या वतीनं का बोलतेय? तेरा वर्षं फलक यांच्या वतीनं बोलला, सासूबाई बोलल्या, मी गप्प राहून बोलले. आता पुरे. अहो. अहो, इकडं बघा. हंबीरतात्यांनी तुम्हाला अकादमीचं विचारलंय. मान हलवायची नाही. तोंडानं सांगा. सावकाश सांगा, कुणाला घाई नाही.

...

मागं ऐकू गेलं का? नसेल, यांचा आवाज मुळातच लहान. मी सांगते, जसंच्या तसं. उठून उभे राहिले, तात्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, "तात्या, पळवायचं तुमी बघा. खायाला माझ्याकडं धाडा."

आणि तात्या काय म्हणाले, तेही सांगते, नाहीतर ते नंतर नाकबूल करतील. तात्या म्हणाले, "मग पहिलं ताट माझं."

तात्या, तुमचे मनापासून आभार. मगदूम साहेबांचे आभार, त्यांनी मघापासून हसू आवरलं. तालमीच्या सर्व कार्यकर्त्यांचे, हलगीवाल्यांचे, जेसीबीच्या चालकाचे आणि ज्यांच्या डोक्यात अजून झेंडू आहे त्या सगळ्यांचे आभार. फलक लिहिणाऱ्या मंडळाला विनंती, उद्या नवीन छापताना खांद्याखालचा माणूसही यांचाच घ्यावा. आहे तेवढ्या उंचीचा.

मी शिक्षिका आहे, चुका काढायची सवय आहे, स्वतःच्या सांगायची नाही. त्यामुळं आज बोलताना कुठं तोल गेला असेल, मोठ्यांना लागेल असं काही तोंडून गेलं असेल, तर आपलीच सून समजून पोटात घालावं. भाषण लांबलं याची माफी आपण मला द्याल, याची खात्री आहे. पण मागं पंगत मांडलीय, आणि जेवण गार झाल्याची माफी मात्र लंगर कमांडरांकडं मागावी लागते. ती ते कुणालाही देत नाहीत, बायकोलाही नाही.

म्हणून थांबते. चला, जेवायला.